उपदेशाचा उरलेला भाग

खंडेराव ज्या माणसाचं अंग पुसत होता, ज्याला चमच्याने पेज भरवत होता, त्याच माणसाच्या मरणाची तो वाट बघत होता. हे असं तोंडावर सांगितलं की ऐकणाऱ्याला तो राक्षस वाटतो. राक्षस वगैरे तो अजिबात नव्हता. नाशकात शरणपूर रोडच्या आतल्या अंगाला एक छोटं दगडी चर्च आहे. तिथल्या आवारात कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की पोटचा मुलगा करणार नाही इतकं पाळकसाहेबांचं हा माणूस करतो. तेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये त्याचा जीव घुसमटत होता.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड शांतवन आढाव. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत. चर्चची मंडळी संख्येने लहान, जुनी आणि आपल्या पाळकाला चिकटून राहणारी. त्यामुळे साहेब निवृत्त झाले तरी व्यासपीठावरून खाली उतरले नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं. पत्नी ज्योत्स्नाबाई गुडघ्यांनी अधू झालेल्या. दिवाळीनंतरच्या थंडीत साहेबांची छाती भरली आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा उठबस करायला खंडेरावाशिवाय कोण होतं?

खंडेराव ख्रिस्ती नव्हता. मूळचा सायखेड्याचा, घरचं भाजीपाल्याचं आणि शेवंतीचं रान. वडील लहानपणीच गेलेले. आई आक्काबाई फुलांच्या पाट्या घेऊन नाशकाच्या बाजाराला यायची आणि जाता जाता चर्चमधल्या रविवारसाठी थोडी फुलं ज्योत्स्नाबाईंकडे देऊन जायची. खंडेराव तरुणपणी टेम्पो चालवायचा. द्राक्षांच्या हंगामात गावातला माल पिंपळगाव बसवंतला पोचवायचा आणि सोबतीला हमखास महेश असायचा. महेश गल्लीतलाच, वत्सलाबाईंचा धाकटा मुलगा. दोघं एका ताटात जेवणारे.

एका दुपारी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसच्या आवारात खंडेराव टेम्पो मागे घेत होता. महेश मागे उभा राहून हाताने दाखवत होता. जमिनीवर टाकून दिलेल्या द्राक्षांचा चिखल झालेला होता. त्यात महेशचा पाय घसरला आणि माल उतरवायचा ओटा आणि टेम्पो यांच्या मध्ये तो सापडला. खंडेराव उडी मारून मागे धावला तोवर सगळं संपलं होतं.

कोर्टात केस चालली. वैर नाही, दारू नाही, हलगर्जी नाही, निव्वळ अपघात असं ठरलं आणि खंडेराव सुटला. पण महेशचा थोरला भाऊ संतोष याने अपघाताच्या दिवशीच पॅकहाऊसच्या आवारात शंभर माणसांदेखत सांगितलं होतं, की हा सायखेड्यात दिसला तर जिवंत परत जाणार नाही. संतोष उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. आक्काबाईने मग लेकाचा हात धरला, ज्योत्स्नाबाईंच्या दारात आणून उभा केला आणि ह्याला पदरात घ्या म्हणाली. पाळकसाहेबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, जेवलास का. खंडेराव जेवला, आवारातल्या मागच्या खोलीत निजला आणि तिथलाच झाला.

तो चर्च झाडायचा, घंटा वाजवायचा, पाण्याची मोटर लावायचा. बाप्तिस्मा त्याने घेतला नव्हता आणि साहेबांनीही कधी त्याच्या मागे लकडा लावला नव्हता. रविवारी उपासनेनंतर मंडळीला आवारात चहा असतो. तो चहा करणं हे त्याचं सगळ्यात मोठं काम. उपदेश सुरू असताना तो मागच्या दाराला टेकून उभा राहायचा. साहेब उपदेशाच्या मध्यावर आले की चष्मा काढून व्यासपीठावर ठेवायचे. चष्मा उतरला की खंडेरावाने जाऊन गॅस पेटवायचा, म्हणजे शेवटचं गीत होईपर्यंत चहाला उकळी यायची. ही व्यवस्था इतकी चोख होती की तिच्यात काही चुकतंय असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

चुकत होतं ते असं. साहेबांची उपदेश करायची एक जुनी रीत होती. आधीच्या भागात नियमशास्त्र, नंतरच्या भागात कृपा. आधी माणूस कुठे आणि किती बिघडला ते सांगायचं, मग देवाने त्याचं काय केलं ते. म्हणजे खंडेरावाच्या वाट्याला इतकी वर्षं जे आलं, त्यात माणसं सारखी मरत होती. कोणी पुरात बुडत होतं, कोणाला धरणी गिळत होती, याजकाचे, म्हणजे पुरोहिताचे, मुलगे भलताच अग्नी घेऊन देवापुढे गेले म्हणून जागच्या जागी भस्म होत होते. पुढे त्यांच्या लेकराबाळांवर दया कशी झाली, हे साहेब सांगायला लागत तेव्हा हा साखर टाकत असायचा.

तो इथे आला त्याच वर्षी एका रविवारी साहेबांनी मोशेच्या नियमातला एक भाग घेतला. दोघं मित्र लाकडं तोडायला रानात जातात. एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं, दुसऱ्याला लागतं आणि तो मरतो. मनात वैर नव्हतं, आदल्या दिवशी भांडण नव्हतं. अशा माणसाने काय करायचं? देवाने लेवीच्या वंशाला, म्हणजे याजकांच्या वंशाला, जी गावं दिली त्यांतली काही अशा माणसांसाठी राखून ठेवली होती. मराठीत त्यांना शरणपुरं म्हणतात आणि जुन्या मिशनऱ्यांनी नाशकातल्या वस्तीला ठेवलेलं नावही तेच. त्या गावाच्या वेशीत आलेल्याला मेलेल्याचे भाऊबंद हात लावू शकत नाहीत. वेशीबाहेर सापडला तर मात्र त्याचं रक्त त्याच्याच माथी. आणि हे किती दिवस? तर त्या काळचा मुख्य याजक मरेपर्यंत. मुख्य याजक मेला की तो माणूस मोकळा. त्याने आपल्या गावी, आपल्या शेतात परत जावं, कोणी त्याला बोलायचं नाही.

खंडेराव दाराला टेकून ऐकत होता. वकिलाने कोर्टात मांडली होती त्याहून नीट त्याची केस कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी मांडून ठेवली होती. कुऱ्हाडीच्या जागी टेम्पो, एवढाच काय तो फरक. त्याने व्यासपीठाकडे पाहिलं. पांढरा झगा घालून भाकर आणि प्याला उचलतो कोण? हात वर करून सगळ्या मंडळीला आशीर्वाद देतो कोण? मुख्य याजक म्हणजे साहेब, यात त्याला तिळमात्र शंका वाटली नाही. एवढ्यात साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि खंडेराव चहाला निघून गेला.

त्या दिवसापासून त्याने हा नियम स्वतःला लावून घेतला आणि कोणाला कळू दिला नाही. शहराच्या हद्दीबाहेर त्याने पाऊल टाकलं नाही. मंडळीची सहल निघाली की ह्याचं पोट दुखायचं. संतोषची भीती होतीच, पण भीतीपोटी लपून बसलेला माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो. देवाच्या नियमाने बसलेला माणूस ताठ मानेने बसू शकतो. हा फरक खंडेरावाला फार सोयीचा होता, आणि तो सोयीचा आहे हेही त्याला आत कुठेतरी ठाऊक होतं.

आक्काबाई बाजाराच्या दिवशी येत होती तोवर हे निभलं. चर्चच्या पायरीवर बसून मायलेक भाकरी खायचे, ती गावच्या गोष्टी सांगायची, वत्सलाबाईंचं नाव दोघंही टाळायचे. मग गेल्या वर्षी ती वाफ्यात घसरून पडली, खुबा मोडला आणि खाटेला खिळली. आता फुलं आणणाऱ्या गावच्या बायकांबरोबर तिचा निरोप यायचा. आधी यायचा तो असा, की माझी काळजी करू नको. अलीकडे यायचा तो वेगळा होता. एकदा तोंड दाखवून जा म्हणावं, माझं आता काही खरं नाही.

तेव्हापासून खंडेरावाच्या डोक्यात ते भयंकर गणित सुरू झालं. साहेब आधी गेले तर आई भेटेल. आई आधी गेली तर संपलं. साहेब दवाखान्यात होते तेव्हा तो बाहेरच्या बाकड्यावर बसून देवाचा धावा करायचा, साहेबांना बरं कर म्हणायचा, आणि म्हणता म्हणता अर्ध्यावर थांबायचा. कारण ते वाक्य पुरं झालं की त्याचा अर्थ आईला मरू दे असा होत होता. उलटं मागावं तर ज्याने जेवलास का म्हणून विचारलं त्याचाच जीव मागितल्यासारखं. शेवटी त्याने काहीच मागायचं सोडून दिलं.

साहेब बरे झाले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं त्या दिवशी खंडेराव जिन्याखाली जाऊन रडला. ज्योत्स्नाबाईंनी त्याला पाहिलं. त्या काठी टेकत त्याच्यापाशी आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, की देवाने आमचं ऐकलं ते तुझ्यामुळे, तुझ्यासारखी प्रार्थना आमच्याकडूनही झाली नसती. त्या हाताखाली खंडेराव मेल्याहून मेल्यासारखा झाला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, साहेब ओसरीवर उन्हाला बसले होते आणि खंडेराव त्यांची नखं काढत होता. ज्योत्स्नाबाई आत पडल्या होत्या. एका हाताची नखं झाली. दुसरा हात त्याने हातात घेतला आणि तसाच धरून बसला. मग खाली बघतच म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी मी दुसरा माणूस बघून देतो.

कंटाळलास का, साहेबांनी विचारलं. तो नाही म्हणाला. मग घरी काही अडचण? तो पुन्हा नाही म्हणाला. साहेब थांबले. मंडळीतल्या लोकांची गुपितं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता, कुठे गप्प बसायचं ते त्यांना कळत होतं.

"माझ्या हातनं तुमची सेवा व्हायला नको," खंडेराव म्हणाला. "माझ्या मनात पाप हाय. मी तुमच्या मरणाची वाट बघतोय."

साहेबांनी हात काढून घेतला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की कधीपासून. मग खंडेरावाने सगळं सांगितलं. तो रविवार, कुऱ्हाडीचं पातं, शरणपुराची वेस, मुख्य याजक. आईचा मोडलेला खुबा आणि दवाखान्याच्या बाकड्यावरचं गणित. काहीही राखून ठेवलं नाही. साहेबांना आधी वाटलं, की ह्यालाच ताप चढलाय. पण मग ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"बरं," ते म्हणाले, "आणि मुख्य याजकाचं सांगून झाल्यावर मी पुढे काय सांगितलं?"

"पुढं मी चहाला गेलो."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले तसा खंडेराव घाबरून पाण्याला धावला. खोकल्याची उबळ आली असं त्याला वाटलं. परत येऊन बघतो तर म्हातारा हसत होता. हसता हसता गालावरून पाणी ओघळत होतं आणि मग त्यातलं हसू संपलं, नुसतं पाणीच राहिलं. दर रविवारी जात होतास, त्यांनी विचारलं. मंडळी उन्हात थांबत नाही साहेब, खंडेराव ओशाळून म्हणाला.

साहेबांनी त्याला समोर बसायला लावलं. उपदेशाच्या थाटात नव्हे, शेजारच्याशी बोलावं तसं ते बोलले. मी मुख्य याजक नाही, ते म्हणाले. मी मंडळीने नेमलेला एक पाळक, छातीत कफ झालेला. तो पहिला मुख्य याजक अहरोन, तो तरी कसा होता? मोशे डोंगरावर होता तेव्हा लोकांकडून सोनं गोळा करून ह्यानेच वासरू घडवून दिलं आणि विचारलं तेव्हा म्हणाला, मी सोनं विस्तवात टाकलं आणि आतून हे निघालं. पोरंसुद्धा याहून बरी सबब सांगतात. आणि तरी देवाने याजकाचा झगा त्याच्याच अंगावर चढवला. लायकी बघूनच नेमायचं असतं तर ते काम तिथेच बंद पडलं असतं. झग्याच्या खांद्यांवर आणि छातीवर सगळ्या वंशांची नावं कोरलेली रत्नं होती. तो आत जायचा तेव्हा सगळ्यांना अंगावर घेऊन जायचा. म्हणून तो मेला तर ते मरण एकट्याचं नसायचं, सगळ्यांच्या नावे मांडलं जायचं आणि शरणपुरातली माणसं मोकळी व्हायची.

"पण तो मेला की दुसरा यायचा," साहेब म्हणाले, "आणि नव्याने आलेली माणसं पुन्हा त्याच्या मरणाची वाट बघत बसायची. असं किती पुरणार, सांग. म्हणून शेवटी एक आला, तो क्रुसावर सगळ्यांसाठी एकदाच मेला. तू ज्याच्या मरणाची वाट बघतोस तो मेलाय, खंडू. तू इथे यायच्या कितीतरी आधी. दर उत्तम शुक्रवारी तू त्याच्यासाठी वेदीवर काळं कापड घालतोस. त्या रविवारी मी पुढे हेच सांगितलं होतं."

म्हणजे मी जाऊ शकत होतो, खंडेरावाने विचारलं. साहेब हो म्हणाले. कधी? तर पहिल्या दिवसापासून.

असं काही कळलं की माणूस आनंदाने नाचतो असं आपल्याला वाटतं. खंडेरावाच्या अंगाची लाही लाही झाली. तो उठला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. पायरीवर बसून भाकरी खाल्लेले ते सगळे बाजारचे दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेले. आई हिंडती फिरती होती, डोळ्यांनी बघत होती, आणि तो तिला शेजारच्या तालुक्यातल्या पाव्हण्यासारखा भेटत राहिला. कशासाठी? त्याला साहेबांचा राग आला, चहाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दर रविवारी आपल्यामागे काहीतरी बोललं जातंय हे त्याला ऐकू येत नव्हतं का? एकदा तरी विचारता आलं असतं. त्याने विचारलं नव्हतं.

आणि का विचारलं नव्हतं, तेही त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. राग ओसरला तेव्हा त्याच्याखाली भीती होती. नियम होता तोवर वत्सलाबाईंचं दार लांब होतं. आता मध्ये काहीच उरलं नव्हतं, फक्त एसटीचा रस्ता.

तो परत आला आणि संतोषचं नाव घेतलं. साहेबांनी त्याला खोटा धीर दिला नाही. संतोष काय करील ते मला माहीत नाही, ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की महेश गेला तेव्हा तू त्यांच्या दारावर गेला होतास का? आपल्याकडे कोणी गेलं की गाव दारावर जातं. कोणी काही बोलत नाही, जाऊन बसायचं, थोड्या वेळाने उठायचं. जो येतो त्याची आठवण कोणी ठेवत नाही, जो येत नाही त्याची मात्र जन्मभर ठेवतात. खंडेराव गेला नव्हता. त्या दिवसांत तो पोलीस ठाण्यात होता, आणि नंतर इथे.

"कोणत्या तोंडानं जाणार होतो, साहेब?"

"तोंड लागत नाही त्याला. नुसतं जाऊन बसायचं असतं. आधी वत्सलाबाईंकडे जा, मग आईकडे."

त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. उपासनेच्या शेवटी ते जो आशीर्वाद देत, अहरोनाला लोकांसाठी शिकवलेला, तो त्यांनी उच्चारला. देवाने तुला सांभाळावं, आपलं तोंड तुझ्याकडे करावं, तुला शांती द्यावी. इतकी वर्षं खंडेरावाने तो कपबशांच्या आवाजातून, भिंतीपलीकडून ऐकला होता. आज मध्ये भिंत नव्हती. आजाराने हलका झालेल्या त्या हाताखाली खंडेराव लहान पोरासारखा रडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायखेड्याच्या एसटीत बसला. शहराची हद्द सुटली तेव्हा त्याने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. बाहेर द्राक्षांची काढणी चालू होती, बांधाला क्रेट रचलेले होते आणि रस्त्याने पिंपळगावकडे भरलेले टेम्पो चालले होते. त्याने खिडकीतून नजर काढून घेतली.

गल्लीत बरीच घरं नवी झाली होती. वत्सलाबाईंचं घर तेच होतं, वर पत्रा तेवढा नवा. अंगणात एक जाड, कानशिलांवर केस पिकलेला माणूस रिकामे क्रेट ट्रॅक्टरवर चढवत होता. त्याने मान वर केली. तो संतोष होता. दोघांची नजर भिडली आणि संतोषच्या हातातला क्रेट तसाच अधांतरी राहिला.

खंडेराव मागे वळला नाही. तो अंगणात आला. ओट्यावर वत्सलाबाई सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. पार वाळून गेल्या होत्या आणि डोळ्यांवर जाड भिंगं होती. त्याने चपला काढल्या आणि ओट्याखाली जमिनीवर मांडी घालून बसला, डोकं खाली घालून.

कोण आहे रे, त्यांनी संतोषला विचारलं. 

"मी खंडू हाय, काकू."

सोलणारे हात थांबले. गल्लीत कोणाच्या तरी नळाचं पाणी भांड्यात पडत होतं, तेवढाच आवाज. खंडेरावाला वाटलं आता पाठीत काहीतरी बसेल, आणि बसलं तरी उठायचं नाही असं त्याने ठरवलं. मागे क्रेट खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं त्याच्या शेजारून पलीकडे गेली, घरामागे रानाच्या बाजूला, आणि लांब होत होत ऐकू येईनाशी झाली. संतोषने त्याला मारलं नाही.

"त्याला वेळ लागंल," वत्सलाबाई म्हणाल्या.  मग त्यांनी विचारलं तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं खंडेरावाला वाटलं.

"सारं गाव येऊन गेलं दारावर. तू नाय आला. मी रोज म्हनायची, आज येईल. तुला बोल लावायला नाय रं. माझं लेकरू शेवटाला काय बोललं, ते तुझ्याबिगर कोनाला ठाव व्हतं? कोनाला इचारू मी?"

संतोषची धमकी, देवाचा नियम, कोर्ट, पोलीस, सगळ्याचा खंडेरावाने विचार केला होता. ही बाई एवढी एक गोष्ट ऐकायला थांबली आहे, हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. तो शरणपुरात बसून स्वतःचा जीव राखत होता आणि इथे तिच्या लेकाचे शेवटचे शब्द त्याच्यापाशी अडकून पडले होते.

"भूक लागली म्हनला," तो म्हणाला. "टेम्पो लावू, मग बसू जेवायला. म्हनला, आईनं आज मेथीची भाजी दिलीय, तुला निम्मी देतो. हसत व्हता, काकू. त्याला कळलंबी नाय काही. मी धावलो, पन..."

 वत्सलाबाईंनी भिंगं काढून पदराने पुसली, डोळे तसेच वाहू दिले.

"मेथीच व्हती," त्या म्हणाल्या. "लसनीची फोडनी दिली व्हती. आवडायची त्याला."

दोघं बसून राहिली. ऊन ओट्याच्या कडेवर चढलं. मग वत्सलाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, की तुझी आई जागी आहे, सकाळीच मी तिला चहा-भाकर देऊन आले, जा, वाट बघतेय. आक्काबाईच्या खाटेशी कोण येतं जातं हे खंडेरावाने कधी विचारलं नव्हतं आणि निरोप आणणाऱ्या बायकांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

तो उठला, चपला पायांत घातल्या. एरवी कोणाच्याही घरून निघताना आपण येतो म्हणतो. दारावर आलेला माणूस ते म्हणत नाही. अशा कामासाठी पुन्हा येणं कोणाच्याच नशिबी नको, म्हणून तो नुसता उठतो आणि मागे न बघता चालू लागतो. खंडेराव तसाच निघाला. अंगणाच्या कडेला पोचला तेव्हा मागून हाक आली.

"खंडू, येतो म्हन."

तो वळला. 

"येतो, काकू."

"ये," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली.